जुन्या स्विफ्टला रुंद चाकं : पैसे देण्याआधी मोजपट्टी घ्या

आमची स्विफ्ट २००७ची, १.३ लिटर पेट्रोल, व्हीएक्सआय व्हेरिएंट. काही वर्षांपूर्वी मी तिला सतरा इंची अलॉय आणि २०५/४५ टायर लावले. दुकानासमोर गाडी उभी होती तेव्हा ती माझी वाटतच नव्हती, इतकी देखणी दिसत होती. मे महिन्यात गुहागरला गेलो आणि परत येताना मागे तिघं, डिकीत आंब्याच्या पेट्या. कुंभार्ली घाट चढायला लागलो तसा प्रत्येक वळणावर मागून खर्र खर्र आवाज यायला लागला. वर येऊन थांबलो तर रबर जळाल्याचा वास, आणि मागच्या मडगार्डच्या कडेने टायरच्या खांद्यावर सरळ रेघ ओढलेली. पुढे पावसाळ्यात एका खड्ड्यात रिम वाकलं ते वेगळंच. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, सगळ्यांना बसतात."

बसतात म्हणजे नट लागतात, एवढंच. चाक गाडीला बसणं आणि गाडीला मानवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या वेळी मी आधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, मग गाडीखाली शिरलो आणि पाकीट सगळ्यात शेवटी काढलं. तो क्रम इथे लिहितो आहे. उदाहरण पहिल्या पिढीच्या स्विफ्टचं (२००५ ते २०११) आहे, पण आकडे बदलले की सँट्रो, झेन, जुनी सिटी, कशालाही हीच रीत लागू होते.

आधी एक भ्रम काढून टाकू. रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर टेकतं असं आपण धरून चालतो. टेकणारं क्षेत्रफळ मुख्यतः चाकावरचं वजन आणि टायरमधली हवा यांवर ठरतं. हवा तेवढीच ठेवली तर क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, त्याचा आकार बदलतो : लांबट होतं ते आडवं आणि आखूड होतं. वळणावर आणि कोरड्या रस्त्यावर याचा फायदा नक्की होतो, गाडी कमी डुलते, स्टिअरिंगला लगेच उत्तर देते. पण साचलेल्या पाण्यात रुंद टायरला तेवढ्याच वेळात जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे तो लवकर तरंगायला लागतो. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, हे टायर निवडताना विसरू नका. शिवाय स्टिअरिंग जड होतं, ॲव्हरेज थोडं पडतं, रस्त्यावरच्या जुन्या चाकोऱ्यांमध्ये गाडी ओढली जाते. हे सगळं मान्य असेल तर पुढे वाचा.

आधी गाडी तपासा

पंधरा-अठरा वर्षांच्या गाडीला नवी चाकं लावणं म्हणजे जुन्या दाराला नवं कुलूप लावण्यासारखं आहे. बिजागऱ्या ढिल्या असतील तर कुलपाचा उपयोग नाही. रुंद आणि बाहेर आलेलं चाक बेअरिंग, बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा फिरता सांधा) आणि बुश (सांध्यातलं रबर) यांच्यावरचा ताण वाढवतं. जे आधीच खिळखिळं आहे ते महिनाभरात आवाज करायला लागतं, आणि मग दोष चाकांच्या माथी जातो.

पुढचं एक चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा. घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी हात ठेवून चाक हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट. ९ आणि ३ वर हलवून खेळ जाणवला तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगला जोडणारा सांधा. मग एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची गुरगुर कानाआधी बोटांना कळते. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश टॉर्चच्या उजेडात पाहा, रबर चिरलेलं असेल तर बदला. शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल झिरपतंय का तेही बघा.

यात जे निघेल त्याचा खर्च चाकांच्या बजेटमधून करा. माझ्या गाडीचे दोन्ही लोअर आर्म बुश आणि मागचे शॉक ॲब्सॉर्बर बदलले, तेव्हा जुन्याच टायरवर गाडी इतकी सुधारली की नवी चाकं घ्यायची का, असा प्रश्न मला पडला होता. काही जणांचं काम इथेच भागेल.

टायरवरचे आकडे

माझ्या व्हीएक्सआयला कंपनीने दिलेला साईझ १६५/८० आर १४. म्हणजे टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १४ इंची. भिंत १३२ मिलिमीटरची झाली. अशा दोन भिंती, म्हणजे २६४, अधिक रिमचे १४ इंच म्हणजे ३५५.६. पूर्ण व्यास ६१९.६ मिलिमीटर.

हा ६१९.६ आकडा वहीत लिहून ठेवा आणि त्याला चिकटून राहा. चाकाचा व्यास बदलला की स्पीडोमीटर, किलोमीटरची नोंद, गिअरचं ताळतंत्र आणि गाडीची जमिनीपासूनची उंची, सगळंच बदलतं. मी दीड-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही.

१८५/७० आर १४ चा व्यास येतो ६१४.६, म्हणजे ०.८ टक्क्याने कमी. १८५/६५ आर १५ चा ६२१.५, म्हणजे ०.३ टक्क्याने जास्त. १९५/६० आर १५ चा ६१५, म्हणजे ०.७ टक्क्याने कमी. हे तिन्ही उत्तम. आता दुकानात सर्रास सुचवला जाणारा १९५/५५ आर १५ घ्या : व्यास ५९५.५, जवळजवळ चार टक्के कमी. काटा १०० दाखवेल तेव्हा तुम्ही खरे ९६ ने चालला असाल. मीटरवर न चाललेले किलोमीटर चढतील, आणि गाडी १२ मिलिमीटर खाली येईल. पुण्यातले सोसायट्यांचे गतिरोधक पाहिले असतील तर १२ मिलिमीटर म्हणजे काय हे सांगायला नको.

गंमत म्हणजे माझ्या त्या फसलेल्या २०५/४५ आर १७ चा व्यास ६१६ होता, अगदी बरोबर. चूक दुसरीकडेच होती, ती पुढे येतेच. पण त्याची भिंत फक्त ९२ मिलिमीटरची होती. मूळ भिंत १३२ ची. खड्डा गिळणारं ४० मिलिमीटर रबर मी दिसण्यापायी घालवलं होतं. तेव्हापासून आपल्या रस्त्यांवर या गाडीला पंधरा इंचांच्या वर जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. सोळा इंची लावून सुखाने फिरणारे लोक आहेत, पण ते खड्डा दिसला की थांबतात.

साईझनंतरचा आकडा वजनाचा असतो. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो, ८८ म्हणजे ५६०. नवा आकडा जुन्यापेक्षा कमी नको, बरोबरीचा किंवा वरचा चालेल. त्यापुढचं अक्षर वेगाचं : एस १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर. तिथेही खाली उतरू नका.

कोणता साईझ घ्यावा? कमीत कमी डोकेदुखी हवी असेल तर १८५/७० आर १४. याच गाडीच्या झेडएक्सआय या वरच्या व्हेरिएंटला कंपनीच तो देत होती. त्यापेक्षा थोडं पुढे जायचं असेल तर २०११ नंतरच्या दुसऱ्या पिढीच्या स्विफ्ट झेडएक्सआयचे पंधरा इंची अलॉय वापरलेले मिळतात. त्यांचा टायर १८५/६५ आर १५, नटांची मांडणी आणि मधलं भोक आपल्या गाडीचंच. आणि खरोखर रुंद हवा असेल, तर १९५/६० आर १५. फियाट लिनियाला हाच साईझ येत असे, त्यामुळे बाजारात सहज मिळतो. मी हाच घेतला, म्हणून पुढचं गणित त्याचं.

रिमचे चार आकडे

टायरचं गणित शाळेतल्या मुलालाही जमेल. लोक फसतात ते रिममध्ये.

पहिला आकडा रिमच्या रुंदीचा. १८५/७० ला साडेचार ते सहा इंच चालतं, १९५/६० ला साडेपाच ते सात. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो फुग्यासारखा फुगतो आणि वळणावर लोळतो. १९५/६० साठी ६जे, म्हणजे सहा इंची रुंद रिम, हे योग्य माप. मूळ १४ इंची लोखंडी डिस्कवर, म्हणजे कंपनीच्या साध्या रिमवर, १९५ चढवण्याच्या फंदात पडू नका.

दुसरा पीसीडी : नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. स्विफ्टचं ४×१००. मारुती ८०० आणि जुन्या झेनचं ४×११४.३, त्यामुळे त्यांची चाकं हिला लागत नाहीत. काही अलॉयना दोन्ही मापांची मिळून आठ भोकं असतात, ती चालतात. पण भोकं मोठी करून बसवलेलं चाक कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

तिसरा आकडा मधल्या भोकाचा. चाक गाडीला ज्या फिरत्या भागावर बसतं तो हब. स्विफ्टच्या हबचं माप ५४.१ मिलिमीटर. बाजारातले अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून ६७.१ किंवा ७३.१ भोकाचे बनवतात. मग चाक हबवर मधोमध न बसता फक्त नटांच्या भरवशावर राहतं, आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक चार-चार वेळा बॅलन्सिंग करतात, थरथर जात नाही. उपाय हब रिंगचा : बाहेरून ७३.१, आतून ५४.१ अशी कडी. किंमत किरकोळ, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. प्लास्टिकची रिंग घाटात ब्रेक तापले की नरम पडण्याची भीती, म्हणून मी ॲल्युमिनियमची घेतली. ॲल्युमिनियमचा दोष हा की कोकणातल्या दमट हवेत ती हबला चिकटून बसते. बसवताना ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा.

चौथा आकडा ऑफसेट. रिमवर ईटी ४०, ईटी ४५ असं कोरलेलं असतं. रिमच्या रुंदीची मधली रेषा आणि हबला टेकणारी सपाट जागा यांच्यातलं हे अंतर. आकडा जितका मोठा तितकं चाक आत जातं, लहान तितकं बाहेर येतं. माझी गाडी घासली ती याच आकड्याने.

कोरलेलं सापडलं नाही तर मोजता येतं. चाक काढून दर्शनी बाजू खाली करून पोत्यावर ठेवा. मागच्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या जागेपर्यंतची खोली मोजा. ५जे रिमची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी साधारण सहा इंच, म्हणजे १५२ मिलिमीटर असते, कारण जे चा आकडा कडा सोडून मोजतात. तिची निम्मी ७६. खोली १२१ आली तर १२१ वजा ७६, ऑफसेट ४५.

आता खरा हिशेब. मूळ रिम ५जे ईटी ४५ धरू; तुमच्या डिस्कचा जो आकडा निघेल तो घाला. हबपासून आतल्या बाजूला रिम किती जातं? रुंदीचा निम्मा ६३.५ अधिक ४५, म्हणजे १०८.५. बाहेर किती? ६३.५ वजा ४५, म्हणजे १८.५.

नवं रिम ६जे ईटी ४०. निम्मी रुंदी ७६.२. आत ११६.२, बाहेर ३६.२. म्हणजे आतल्या बाजूला जवळपास ८ आणि बाहेर जवळपास १८ मिलिमीटरची वाढ. टायरचा फुगवटा रिमच्या थोडा पुढे असतो, तो धरून आत १० आणि बाहेर २० समजा.

माझे सतरा इंची होते ७जे ईटी ३५. तेच गणित लावलं तर बाहेरच्या बाजूला ३५ मिलिमीटरहून जास्त वाढ होते. मडगार्डच्या आत तेवढी जागा कुठून असणार! हे गणित करायला मला पाच मिनिटं लागली. चाकं विकल्यानंतर केलं, एवढंच.

गाडीखाली शिरून मोजा

गाडी सपाट जागी उभी करा, हवा बरोबर भरलेली असू द्या.

पुढे आतल्या बाजूला टायर आणि स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा उभा खांब) यांच्यामधली फट मोजा, विशेषतः स्प्रिंगच्या खालच्या ताटलीपाशी. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. स्ट्रट चाकाबरोबरच वर-खाली होतो, चाकाबरोबरच वळतो. त्यामुळे ही फट खड्ड्यात किंवा वळणावर फारशी बदलत नाही, नवं चाक लावल्यावर ५ मिलिमीटर उरली तरी पुरते. आपली वाढ १० ची, म्हणजे आज किमान १५ हवी.

मडगार्ड, आतलं प्लास्टिक लायनर, बंपरचा कोपरा हे मात्र गाडीच्या अंगाला जोडलेले, चाक त्यांच्याकडे झेपावतं. तिथे १५ ते २० मिलिमीटर तरी उरायला हवेत, आणि तेही गाडी भरलेली असताना. म्हणून मोजमाप रिकाम्या गाडीवर करून भागत नाही. मी घरातल्या चौघांना बसवलं, डिकीत तांदळाची दोन पोती टाकली. शेजारी विचारत होते कुठे निघालात. कुठेच नाही, मोजतोय.

स्टिअरिंग डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून दोन्ही वेळा चारही दिशांना पाहा. मग पुढचं एकच चाक हळूच फूटपाथच्या कमी उंचीच्या कडेवर किंवा भक्कम लाकडी ठोकळ्यावर चढवा, म्हणजे त्या बाजूचं सस्पेन्शन दाबलं जाईल, आणि पुन्हा पाहा. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेला, आणि गाडीखाली डोकं घालायचं नाही. टॉर्च आणि फोनचा कॅमेरा पुरतो.

मागे स्विफ्टला टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई, आहे. तिथे चाक वळत नाही, पण वजन तिथेच पडतं. मडगार्डच्या आत वळवलेली पत्र्याची कड बोटाने चाचपा. टायरचा खांदा कापणारी हीच जागा. ही कड रोल करून आत वळवून देणारे कारागीर असतात. जुन्या गाडीवर ते करू नका असं मी म्हणेन. अठरा वर्षांचा रंग तिथे तडकतो, फटीत पाणी शिरतं आणि दोन पावसाळ्यांत गंज बाहेर येतो. त्यापेक्षा ऑफसेट बदला.

आणि स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती? नाही. आधी चुकीचं रिम घ्यायचं आणि मग आत घासतंय म्हणून चकती घालून ते बाहेर काढायचं, हा उलटा प्रवास आहे.

खरेदी

नवं घेतलं तर रिम आणि टायर दोन्हींवर आयएसआय खूण पाहा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३४२४ म्हणजे २०२४ चा चौतिसावा आठवडा. दोन वर्षं दुकानात पडून राहिलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

वापरलेले अलॉय पुण्यात नाना पेठेत, बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याला मिळतात. तिथे टायर काढलेलं नुसतं रिमच मागा. बॅलन्सिंगच्या मशिनवर फिरवून आतली कड पाहा, बाहेरची कड सगळेच घासून चकचकीत करतात. आतल्या बाजूला वेल्डिंगचा फुगवटा किंवा केसासारखी चीर दिसली तर पुढे चला. सरळ केलेलं रिम एक वेळ चालेल, वेल्ड केलेलं अजिबात नाही.

नटांचं विसरतं. स्विफ्टचा स्टड १२ मिलिमीटरचा, आटे १.२५ चे. अलॉयची बैठक शंकूची आहे की गोल, ते पाहून तसेच नट घ्या. शंकूच्या बैठकीत गोल नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो कडेवरच टेकलेला असतो.

आधी एकच चाक

दुकानात पोचल्यावर सगळ्यांना घाई असते. पोरं चारही टायर चढवायला घेतात. थांबवा. रिमवर टायर एकदा चढला की तो परत घेत नाहीत.

आधी नुसतं रिम, टायरशिवाय, पुढच्या हबवर लावून दोन नट हाताने बसवा. ते हबला सपाट टेकतंय का, ब्रेकच्या कॅलिपरला कुठे लागत नाही ना, हाताने फिरवून पाहा. मग एकाच रिमवर टायर चढवा, ते पुढे लावा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. तेच चाक काढून मागे लावा आणि दोघांना मागच्या सीटवर बसवा. यात वीस मिनिटं जातात, दुकानदाराचं तोंड वाकडं होतं, होऊ द्या.

सगळं ठीक असेल तर बाकीचे तीन. प्रत्येक रिमला नवा व्हॉल्व्ह. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा बाहेरच्या बाजूची खूण असेल तर ती पाळली आहे का, हे स्वतः पाहा.

बसवताना हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून गंज काढा. हे कुणीच करत नाही. गंजाचं एवढंसं पापुद्रं चाक तिरपं ठेवायला पुरतं. मग हब रिंग, मग चाक. चारही नट आधी बोटांनी अर्ध्यापर्यंत फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर आटे चुकलेत, पाना लावू नका. गाडी हवेत असतानाच समोरासमोरचे नट आळीपाळीने हलके आवळा, मग खाली उतरवून टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, पूर्ण. माझ्या गाडीला ८५ न्यूटन मीटर, साधारण साडेआठ किलोग्रॅम-मीटर. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. हवेच्या गनने धडाधड आवळलेले नट घाटात पंक्चर झाल्यावर निघत नाहीत, आणि कधी कधी स्टडच ताणला जातो. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क तपासा. नवं अलॉय बैठक घेतं आणि नट किंचित सैल पडतात.

बॅलन्सिंग चारही चाकांचं करायचंच. अलॉयला आतून चिकटवायची वजनं लावतात. जागा पुसून कोरडी केली नाही तर पहिल्या चिखलात ती गळतात. त्यानंतर अलाइनमेंट. आधीचा आणि नंतरचा छापील रिपोर्ट मागून घ्या.

चाचणी

नवा टायर पहिले दोनेकशे किलोमीटर निसरडा असतो, साच्यातून सुटायला लावलेला लेप अंगावर असतो. तोवर जपून.

घासतंय का हे कानावर सोडू नका. मुलांच्या खेळातल्या मातीचे, आणि ती नसेल तर कणकेचे, अंगठ्याएवढे गोळे करून लायनरवर आणि मडगार्डच्या आतल्या कडेवर संशयाच्या जागी चिकटवा. गाडी भरून एक फेरी मारा : एक खराब रस्ता, दोन-तीन मोठे गतिरोधक, एक तीव्र वळण, एक रिव्हर्स. परत येऊन गोळे पाहा. दाबला गेलेला गोळा तिथे उरलेली फट जशीच्या तशी सांगतो. ५ मिलिमीटरपेक्षा चपटा झाला असेल तर ती जागा पुढच्या लांबच्या प्रवासाआधी सोडवायला हवी. लायनर असेल तर स्क्रू काढून थोडा मागे ओढून भागतं. पत्रा असेल तर चाक बदलणं आलं.

हवेसाठी दारापाशी लावलेल्या स्टिकरवरचा आकडा सुरुवातीला धरा, टायर थंड असताना. मग खडूने टायरच्या पूर्ण रुंदीवर एक जाड आडवी रेघ मारा आणि सरळ रस्त्यावर शे-दोनशे मीटर चालवा. मध्येच पुसली गेली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी, सगळीकडे सारखी तर बरोबर. एक-एक पीएसआयने सुधारा, पण स्टिकरच्या खाली जाऊ नका.

कागद आणि स्टेपनी

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेला साईझ हा सगळ्यात सुरक्षित रस्ता. त्यापलीकडे जाणार असाल तर आधी आरटीओत विचारा, आणि चाक मडगार्डच्या बाहेर डोकावणार नाही हे तरी पाहाच. विमा कंपनीला लेखी कळवा, बिलं जपा. अपघातानंतर सर्व्हेयरने विचारल्यावर कळवणं फार महाग पडतं.

स्टेपनी म्हणून जुनी १६५/८० ची लोखंडी डिस्क ठेवली तर व्यास जवळपास सारखा असल्याने पंक्चरवाल्यापर्यंत जायला चालते. पण अलॉयचे नट तिला नीट बसतात का ते घरीच पाहून ठेवा. माझे बसले नाहीत, म्हणून जुने चार नट एका पिशवीत घालून स्टेपनीच्या मध्यभागी ठेवले आहेत. चोरी टाळायला किल्लीचे नट लावले असतील तर ती किल्लीही तिथेच ठेवा. माझी एकदा घरच्या ड्रॉवरमध्ये राहिली होती आणि मी ताम्हिणीत होतो.